धुराचाही हिशेब मागा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामसभेत अलीकडे कचरा जाळण्याच्या यंत्राचा विषय होता. यंत्र विकणाऱ्यांचा माणूस आला होता. त्याने पडद्यावर चित्रे दाखवली आणि सांगितले, ‘शंभर किलो कचरा आत घाला, पाच किलो राख मिळेल. बाकी सगळा कचरा खलास.’ लोकांना ते पटले, कारण कचऱ्याने सगळेच बेजार झाले आहेत. मी विचारले, बाकीचे पंचाण्णव किलो जातात कुठे? तो म्हणाला, ‘टीचर, ते जळून जातात.’ मग रस्त्याच्या खड्ड्यांचा विषय निघाला आणि माझा प्रश्न तसाच राहिला. उद्या असेच यंत्र दुसऱ्या कुठल्याही पंचायतीसमोर येऊ शकते, म्हणून तो प्रश्न मी आपल्या वाचकांपुढे मांडते आहे.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. द्रव्य अक्षय्यतेचा नियम आपण सगळे नववीत पाठ करतो: रासायनिक अभिक्रियेत जेवढे वजन भाग घेते, तेवढेच वजन तयार होणाऱ्या पदार्थांचे भरते. परीक्षेत या ओळीला गुण मिळतात. पण त्या ओळीचा खरा उपयोग ग्रामसभेत आहे. कोणी ‘जळून गेले’ म्हणाले की ‘कशात गेले, किती किलो गेले आणि कुठल्या वाटेने गेले’ हे विचारण्याचा हक्क आपल्याला हा नियम देतो.

साधे पॉलिथिन घेऊ. दुधाची पिशवी, बाजारातून येणारी पातळ कॅरीबॅग, गाद्यांवरचे आवरण, हे बहुतेक पॉलिथिन असते. त्यात कार्बन आणि हायड्रोजन एवढेच असतात. दर १४ ग्रॅममध्ये १२ ग्रॅम कार्बन आणि २ ग्रॅम हायड्रोजन. ते पूर्ण जळाले तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनची वाफ. दहावीचा विद्यार्थी हे गणित वहीच्या एका पानावर सोडवतो. शंभर किलो पॉलिथिनमधून ३१४ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १२९ किलो पाण्याची वाफ बाहेर पडते. बेरीज ४४३ किलो. शंभर किलो घातले आणि ४४३ किलो निघाले, कारण मधले ३४३ किलो हवेतल्या ऑक्सिजनचे आहेत. हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३ टक्के, म्हणून एवढ्या ऑक्सिजनसाठी जवळजवळ दीड टन हवा भट्टीत ओढावी लागते. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच सभागृहात जेवढी हवा मावते, साधारण तेवढी. त्यातला नायट्रोजन तापून पुन्हा चिमणीतूनच बाहेर जातो. म्हणजे शंभर किलो पिशव्या जाळल्या की गावाच्या डोक्यावर दीड टनाहून जास्त तापलेला वायू सोडला जातो, आणि सभेत हिशेब मात्र पाच किलो राखेचा सांगितला जातो.

हे झाले सगळे उत्तम जळाले तर. हवा कमी पडली, आच उतरली, कचरा दमट असला, की कार्बनचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी होऊन जातो. आणि आमच्याकडे कचरा दमट नसतो कधी? जून ते सप्टेंबर सत्तरीत पाऊस कसा लागतो ते मी सांगायला नको. घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला भाग असतो: मासळीचे अवशेष, भाजीची देठे, उरलेला भात, फणसाची चारखंडे, म्हणजे साली. त्या ओल्या भागात बहुतांश वजन पाण्याचेच. प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता लागते आणि ती पुरवायला डिझेल किंवा गॅस जाळावा लागतो. त्या इंधनाचाही कार्बन डायऑक्साइड होतो, तोही चिमणीतून जातो. ‘खलास’ झालेल्या पंचाण्णव किलोंपैकी मोठा वाटा नुसत्या वाफेचा असतो. तेवढे पाणी कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, खताच्या खड्ड्यात आपोआप जिरले असते, आणि खतही मिळाले असते.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगते. एकूण वजन टिकते हे नियमाचे एक अंग झाले. अभिक्रियेत प्रत्येक मूलद्रव्यही आपापल्या वजनाने टिकते. कार्बन आत गेला तर कार्बनच बाहेर येणार, क्लोरीन गेला तर क्लोरीन, शिसे गेले तर शिसे. आग संयुगे मोडते आणि नवी जोडते; मूलद्रव्य मोडण्याची ताकद कुठल्याही भट्टीत नाही, तिचे तापमान कितीही असो.

विजेच्या वायरचे आवरण, पाण्याच्या पाइपचे तुकडे, निवडणुकीचे आणि जत्रेचे फ्लेक्स फलक, यांत पीव्हीसी नावाचे प्लॅस्टिक असते. शुद्ध पीव्हीसीच्या एका किलोत सुमारे ५६८ ग्रॅम क्लोरीन असतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त. तो जळला की मुख्यतः हायड्रोजन क्लोराइड होतो, किलोमागे ५८४ ग्रॅमपर्यंत. ओलसर हवेत हा वायू म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लच. पत्र्यांवर, पानांवर आणि माणसांच्या घशात तो तसाच वागतो. धुमसत्या, अर्धवट आगीत त्याच क्लोरीनपासून डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात. ज्या चिवट विषारी द्रव्यांना जगातून हटवायचे म्हणून २००१ साली स्टॉकहोम करार झाला, त्यांत ही दोन्ही आहेत आणि भारताने त्या करारावर शिक्कामोर्तब केले आहे. घरामागे माडाच्या चुडतांबरोबर पिशव्या आणि वायरी पेटवतो तेव्हा आपण हेच अंगणात तयार करतो.

यंत्रवाले म्हणतील, आमच्याकडे धूर धुण्याची सोय आहे. चांगले आहे. चुन्याच्या पाण्यातून धूर नेला तर हायड्रोजन क्लोराइड त्यात अडकतो आणि कॅल्शियम क्लोराइड होतो. पण क्लोरीन संपला का? तो चिमणीऐवजी टाकीत आला. आता ती टाकी कुठे रिकामी होणार? सत्तरी हे म्हादईचे खोरे आहे. आमचे वहाळ म्हादईला मिळतात आणि दाबोसच्या पाणी-प्रकल्पात त्याच नदीचे पाणी उचलून आम्हाला प्यायला दिले जाते. म्हणून धुलाईच्या पाण्याचा प्रश्न मला चिमणीइतकाच मोठा वाटतो, आणि त्याबद्दल सभेत एक शब्दही निघाला नाही.

जड धातूंचे तसेच. जुने रंग, सेल, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे तुकडे यांतले शिसे आणि कॅडमियम काही राखेत उरतात, काही बारीक धुळीबरोबर उडतात. पारा तर ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. फुटकी ट्यूबलाइट भट्टीत गेली की तो वाफ होऊन थेट वर. शंभर किलो कचऱ्यातले धातू पाच किलो राखेत गोळा झाले तर त्या राखेत ते कचऱ्याच्या कितीतरी पट दाट असतात. राख जितकी थोडी, तितकी ती घातक. विक्रेता ज्या आकड्याची बढाई मारतो, त्याच आकड्याची मला भीती वाटते.

इथे गावातली वडीलधारी मंडळी मला थांबवतात. ‘आम्ही पातेरा, वाळका पाला, जाळत आलो, राख माडाच्या मुळात घालत आलो, त्याने काय वाईट झाले?’ त्यांचे म्हणणे खोटे नाही आणि त्याचे कारणही हाच नियम आहे. झाडाने मातीतून घेतलेले पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस राखेत राहते आणि ते पुन्हा माडाला मिळते. नायट्रोजन मात्र बहुतेक धुरात जातो, म्हणून पातेरा कुजवणे जाळण्याहून केव्हाही बरे. पण राख निर्धोक होती, कारण पानात जे नव्हते ते राखेतही नव्हते. आज त्याच ढिगात गुटख्याची पाकिटे, रंगीत छापलेली आवरणे आणि बल्ब असतात. ती राख माडाला घालू नका, एवढे मी हात जोडून सांगते.

या नियमाचा इतिहास मी वर्गात नेहमी सांगत असे, कारण त्यात आजच्या वादाचे उत्तर आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलने काचेच्या बंद भांड्यात धातू तापवला, मग भांडे फोडून धातूचे वजन केले. वजन वाढलेले दिसले. त्याने मानले की अग्नीचे कण काच भेदून आत शिरले. भांडे उघडताना बाहेरची हवा आत घुसली, तिच्याकडे त्याचे लक्ष गेले नाही. पुढे १७५६ मध्ये रशियात मिखाईल लोमोनोसोवने भांडे न उघडता वजन केले आणि ते बदललेले नव्हते. १७७४ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिएने कथिल घेऊन तेच केले. बंद भांड्याचे वजन आधी आणि नंतर सारखे. सील तोडले, हवा सूं करून आत गेली, आणि वजन तेवढ्यानेच वाढले जेवढे कथिलाने हवेतून घेतले होते. हवेलाही वजन असते आणि ती अभिक्रियेत भाग घेते, हे तराजूने दाखवले. लाव्हाझिए पेशाने सरकारी कर गोळा करणाऱ्या कंपनीतला भागीदार होता. जमा-खर्च दोन्ही बाजूंनी जुळल्याशिवाय वही बंद करायची नाही ही सवय त्याने प्रयोगशाळेत आणली, असे मला वाटते. त्याची पत्नी मारी-आन त्याच्या प्रयोगांच्या नोंदी ठेवी आणि त्याच्या ग्रंथातल्या उपकरणांची चित्रे तिने काढली आहेत. वर्गातल्या मुलींना मी हे आवर्जून सांगत असे.

गोवेकरांना जवळची वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. १७८९ च्या आपल्या ग्रंथात लाव्हाझिएने हा नियम स्पष्ट शब्दांत मांडला तो द्राक्षरस आंबण्याच्या प्रकरणात. साखर किती घातली, मद्य किती झाले, वायू किती सुटला, याचा त्याने ताळेबंद मांडला. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये काजूची दारू गाळतात त्या भाटीवर तेच घडते. बोंडांचा रस, म्हणजे नीरो, आंबायला ठेवला की फसफसतो. दर १८० ग्रॅम साखरेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. साखरेचे जवळजवळ निम्मे वजन बुडबुड्यांतून निघून जाते. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, काढणारा माणूस हे रोज पाहतो. कोंदट खोलीत आंबणाऱ्या नीरोवर वाकू नये हेही त्याला माहीत असते, कारण तो वायू हवेहून जड आहे आणि खाली साचतो. न दिसणाऱ्या वायूला वजन आहे हे ज्याला शाळेत पटले नसेल, त्याने एकदा भाटीवर जाऊन यावे.

काही सुशिक्षित मंडळी आइन्स्टाइनचे नाव काढतात: वस्तुमानाची ऊर्जा होते ना, मग थोडा कचरा उष्णतेत गेला असेल. एक किलो कोळसा जळताना सुटणाऱ्या ऊर्जेचे वस्तुमान एका मायक्रोग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे भरते. पंचाण्णव किलोंचे उत्तर त्यात सापडणार नाही.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती आहे. या नियमाचे प्रात्यक्षिक अनेक ठिकाणी वहीतच होते. ‘अभिक्रियेपूर्वीचे वजन’ आणि ‘नंतरचे वजन’ या दोन रकान्यांत पुस्तकातला एकच आकडा लिहिला जातो आणि तराजू कपाटात राहतो. असे करू नका. मुलांना आधी वजन ‘बिघडू’ द्या. उघड्या ताटलीत कागद जाळा, ताटली हलकी होईल. स्टील वूलचा पुंजका जाळा, तो जड होईल. दोन्हींत आगच आहे, मग एक हलका आणि एक जड का, यावर मुलांना भांडू द्या. ते भांडण पाठांतराहून मोलाचे आहे. मग दोन लिटरची शीतपेयाची रिकामी प्लॅस्टिक बाटली घ्या. तीत शंभर मिलिलिटर व्हिनेगर, आपल्या माडाच्या सुरेचे चालेल, आणि टिश्यू कागदाच्या पुडीत चार ग्रॅम खायचा सोडा. पुडी टाकताच झाकण घट्ट लावा, वजन करा, फसफस थांबेपर्यंत ठेवा, पुन्हा वजन करा. आकडा तोच राहील. आता झाकण सैल करा आणि वायू निघून गेल्यावर पाहा: साधारण दोन ग्रॅम कमी. ते दोन ग्रॅम मुलांनी कानाने ऐकलेले असतात.

बाटलीच्या तोंडाला फुगा लावून हा प्रयोग करतात, तसा तो करू नका. फुगा फुगला की तो भोवतालची हवा बाजूला सारतो आणि लिटरमागे सुमारे १.२ ग्रॅम वजन कमी दिसते. द्रव्य कुठेही गेलेले नसते, पण मुलांचा नियमावरचा विश्वास उडतो. कडक बाटली फुगत नाही, म्हणून तीच घ्यावी. सोडा मात्र याहून जास्त घालू नये.

जाळणे सगळीकडे चूक आहे असे मी म्हणत नाही. दवाखान्यातल्या पट्ट्या आणि संसर्गजन्य कचरा जाळावाच लागतो. त्यासाठी जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी दोन कक्षांची भट्टी सांगितली आहे. दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश तापमान आणि वायू निदान दोन सेकंद तिथे राहिला पाहिजे. कुंडईला जैववैद्यकीय कचऱ्याचे केंद्र आहे, तिथे हे काम प्रशिक्षित माणसे करतात. डायपर आणि सॅनिटरी पॅड यांचा प्रश्न गावांपुढे खरोखर कठीण आहे, आणि कचरा गोळा करणाऱ्या बायांना ते हाताने निवडावे लागतात याची मला लाज वाटते. तेवढ्यासाठी तो वेगळा, बंद पिशवीतून गोळा करण्याची सोय पंचायतीने सुरू करावी. पण त्या निमित्ताने सगळाच कचरा गावच्या भट्टीत ढकलणे योग्य नाही. साळगाव आणि काकोडा इथे ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करण्याची सोय आहे. उरलेला सुका कचरा गाठी बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत पाठवला जातो. त्या वाटांनाही हाच नियम लागू आहे आणि त्यांचाही हिशेब विचारायला हवा. तरी निवडलेला, कोरडा, पीव्हीसी आणि सेल काढून घेतलेला कचरा कुठेही पाठवा, नुकसान कमी होते. जे आत घातलेच नाही, ते बाहेर येऊ शकत नाही. घरोघरी कचरा वेगळा करण्याचे रसायनशास्त्रीय कारण एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे.

उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. तरी संध्याकाळी वाळपईच्या वाटेवर धुराचे पट्टे दिसतात.

सरपंच आणि पंच मंडळींना माझे सांगणे आहे की यंत्राच्या ठरावावर सही करण्याआधी विक्रेत्याकडून एक पानी ताळेबंद लेखी घ्यावा. डाव्या बाजूला आत जाणारे सगळे: ओला आणि सुका कचरा वेगवेगळा, इंधन, हवा, धुलाईचे पाणी, चुना. उजव्या बाजूला बाहेर येणारे सगळे: वायू कोणकोणते, राख, धूर गाळणाऱ्या चाळणीतली धूळ, गाळ, सांडपाणी. दोन्ही बेरजा किलोत जुळल्या पाहिजेत. त्याखाली क्लोरीन, शिसे आणि पारा यांच्या तीन ओळी स्वतंत्र हव्यात, आणि राख व गाळ कोण, कुठे नेणार त्याचे नाव हवे. ज्याला आपले यंत्र खरोखर कळते त्याला हे पान लिहायला एक दिवस लागेल. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा यंत्राला संमती देताना हाच कागद मराठी आणि कोकणीत पंचायतीच्या फलकावर लावण्याची अट घालावी, आणि यंत्र चालू झाल्यावर चिमणीच्या व राखेच्या तपासणीचे आकडे दर तीन महिन्यांनी त्याच फलकावर यावेत. बेरीज तपासायला गावात दहावी झालेली मुले आहेत. कोणत्याही पंचायतीला असे पान कसे मांडावे हे समजून घ्यायचे असेल, तर मी येऊन बसायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
सत्तरी, गोवा